वळणावरचा मुरूम

आमच्या गावात रेल्वे कधी आली नाही, तिचा नुसता भराव आला. इंग्रजांच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा दौंडहून घोडनदीकडं, म्हणजे शिरूरकडं, रूळ न्यायचं ठरलं होतं म्हणतात. पोटाला दाणा मिळावा म्हणून आमच्या खापरपणज्यांनी पाट्या वाहिल्या. मुरूम टाकून टाकून दोन पुरुष उंचीचा भराव उभा केला, ओढ्यावर घडीव दगडाची मोरी बांधली. मग पाऊस पडला की साहेबाचं मन फिरलं, कुणास ठाऊक. काम बंद पडलं ते पडलंच. रूळ सोडा, एक खिळासुद्धा आला नाही. आणि मी मात्र उभी हयात दौंडच्या यार्डात गँगमन म्हणून रुळांखालची खडी ठोकण्यात काढली. सुट्टीला घरी आलो की समोर हा बिनरुळांचा भराव आडवा पडलेला. बघून चिडच यायची.

ती जमीन रेल्वेची की सरकारची, याचा पत्ता गावात कुणालाच नाही. त्यामुळं तिच्यावर नांगर कधी फिरला नाही. आणि जिथं नांगर फिरत नाही तिथं गावानं आपली तान्ही लेकरं पुरली. आमच्यात एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, माती देतात. शेतात पुरलं तर आज ना उद्या फाळ लागणार. भरावाच्या पायथ्याला ते भय नव्हतं. पुरायला बाप आणि चुलता जायचे. आईला न्यायचं नाही आणि जागाही खरी सांगायची नाही, अशी पद्धत. खरी सांगितली तर बाई रोज तिथंच जाऊन बसते, घराकडं बघत नाही, असं जुनी माणसं म्हणायची.

माझ्या पाठची बहीण आठ महिन्यांची होऊन तापानं गेली. मी पाच वर्षांचा होतो. तिचा चेहरा काही केल्या आठवत नाही. मी मांडीवर घेतलं की ती माझा कान धरायची, ती पकड तेवढी आठवते. वडिलांनी आईला सांगितलं, मोरीजवळ ठेवली. तेव्हापासून आई दर वर्षी त्या दिवशी मोरीपाशी जायची आणि गुळाचा खडा ठेवून यायची. एक वर्ष चुकवलं नाही. वडील मात्र जायच्या आधी दवाखान्यात, आई चहा आणायला गेली तेवढ्यात, मला म्हणाले, "मोरीजवळ न्हाई ती. वळणावर हाय, हिवराखाली. वर चपटा दगड ठिवलाय. तिला सांगू नगंस."

मी नाही सांगितलं. भरावाच्या वळणावरून जाताना मी त्या हिवराच्या झाडाखाली घटकाभर थांबायचो. कुणी विचारलं तर बिडी ओढतोय म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात गोदामं आणि पत्र्याची शेडं आली. त्यांच्या रस्त्याला मुरूम हवा होता, आणि भरावाएवढा आयता मुरूम दुसरीकडं कुठं मिळणार? जेसीबी लागला, डंपर धावायला लागले. कंत्राटदार गावातलाच, चाळिशीचा माणूस, मला मामा म्हणतो. आईच्या कानावर गेलं तशी तिनं अंथरूण धरलं. मोरीला हात लावू देऊ नकोस, एवढंच दिवसभर म्हणत राहिली. मी जाऊन विचारून आलो. मोरीला कोण कशाला हात लावेल, पाणी तिच्यातूनच जायचंय, असं तो म्हणाला. आईला हे सांगितलं आणि ती उठून जेवली. तिचं भागलं होतं. माझं कुठं भागलं होतं? जेसीबी वळणाच्या रोखानंच येत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. खरं सांगायची छाती झाली नाही. सकाळी एकाला सांगितलेलं दुपारपर्यंत चावडीवर जातं, आणि संध्याकाळी कुणीतरी बाई हळहळत आईजवळ येऊन बसली असती. अख्खा जन्म जिथं गूळ ठेवला तिथं काहीच नव्हतं, हे आईनं या वयात ऐकायचं? म्हणून एवढंच म्हणालो, हिवराजवळचा तेवढा तुकडा सोड. त्यानं का म्हणून विचारलं. मी म्हणालो, "असू दे, मला पाहिजे." तो हसला आणि म्हणाला, समजलं मामा, तुम्ही काळजीच करू नका.

मला वाटलं, समजला.

मग आईच्या मोतीबिंदूसाठी दौंडला गेलो. तीन दिवस माझ्या लेकाच्या घरी राहिलो. परत येताना जीपमधनंच दिसलं. वळण सपाट झालं होतं, हिवर मुळासकट आडवा पडला होता. घरी पोचलो तर आमच्या अंगणात नवा तांबूस मुरूम पसरलेला, वर पाणी मारून रोलर फिरवलेला. कंत्राटदार दारातच उभा होता, तोंडभर हसत.

"मामा, तुम्ही तो तुकडा पाहिजे म्हणालात. म्हणलं, एवढा मुरूम तुमच्या हातनं कवा वाहून व्हायचा. आईंचा डोळा झालाय, चिखलात पाय घसराय नको. समदा तुमच्याच अंगणात टाकलाय."

त्याचं काय चुकलं? आमच्याकडं कुणी मुरूम सरळ मागतच नाही. तेवढा सोड, तेवढा राहू दे, असंच म्हणतात, आणि समोरच्यानं काय ते ओळखायचं असतं. त्यानं ओळखलं. माझ्याच जिभेला काय धाड भरली होती! माझी बहीण आहे तिथं, एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मी मशीनवाल्याला गाठलं. तो बिहारचा. काही निघालं का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "एक चपटा पत्थर निकला था चाचा, रोड में डाल दिया. बाकी मशीन से दिखता किधर है."

डोळ्याची पट्टी निघाल्यावर आईनं पहिला हट्ट धरला तो मोरीचा. रिक्षातून नेली. तिनं नव्या डोळ्यानं मोरी नीट निरखली, दगडावरून हात फिरवला, गुळाचा खडा ठेवला. "माझी राह्यली," ती म्हणाली. मी ओढ्याकडं तोंड करून उभा राहिलो.

घरी आल्यावर तिला खाटेवर बसवत होतो. तिनं ऐकलं नाही. चपला काढल्या, अंगणात मुरमावर पाय पसरून बसली आणि तळहातानं भुई चाचपत राहिली. "लई ग्वाड केलंस बाबा आंगान. हितनं उठूच वाटंना." मी मुरूम काढून फरशी टाकू का म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली.

आता ती रोज तिथंच बसते. मी चपला काढून अंगण ओलांडतो. पायाला चटके बसत न्हाईत का रे, असं ती विचारते. मी न्हाई म्हणतो.