पेणहून अष्टमीला, नजर ठरवायला

पेणच्या स्टँडवरून रोह्याची एसटी सुटली, तेव्हा मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. शेजारी माझी बायको, सुलभा. गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखण्यात माझा जन्म गेला आणि आता माझ्याच डोळ्यांपुढे जग एका जागी ठरत नव्हतं.

हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि डाव्या कानाच्या आतली, तोल सांभाळणारी नस अधू झाली. ताप गेला, गरगर राहिली. बसल्या जागी आखणी जमायची. पण आखणी झाली की मूर्तीवर नजर ठेवून तिच्यासमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, ही आमच्या कारखान्याची रीत. देवाची नजर आपल्याबरोबर आली पाहिजे. नाही आली तर डोळे पुसायचे. तसा चालताना मी मूर्ती मांडलेल्या फळीवर कोसळलो आणि एका तयार मूर्तीचा हात मोडला. त्यानंतर मी कुंचला उचललाच नाही.

"तुम्ही आखा, चालते मी," सुलभा म्हणाली होती. पण स्वतः न पारखलेली नजर लोकांच्या मखरात कशी पाठवायची?

नागोठण्याला गाडी थांबली. सुलभानं तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) पुढे केली. मी ती तशीच परत बांधून ठेवायला लावली. गाडी सुटली, बाहेर झाडं पळू लागली म्हणून डोळे मिटले, तर जास्तच गरगरलं.

रोह्याला उतरून कुंडलिका नदीच्या पुलावरून पलीकडच्या अष्टमी गावात, डॉक्टरांनी सांगितलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जायचं होतं. रिक्षाचे हेलकावे नकोत म्हणून चालत निघालो आणि तिथंच चुकलो. खाली पाणी वाहत होतं, बघता बघता पूलही वाहू लागला. मी कठडा कवटाळला. चिंबोऱ्या (खेकडे) विकायला निघालेली एक बाई थांबली.

"दादा, सकाळच्यालाच घेतली काय?"

"नाय गो, चक्कर हाय त्यांना," सुलभा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या बाईनं टोपली सावरली आणि माझा दुसरा दंड धरला. "मंग चला," एवढंच म्हणाली.

अष्टमीतल्या फिजिओथेरपिस्ट बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मऊ गादीवर उभं करून त्यांनी डोळे मिटायला सांगितले. मी कलंडलो, त्यांनी सावरलं.

"काका, मान इतकी ताठ का धरलीय?"

"हलवली की गरगरतं."

"म्हणूनच गरगर जात नाही. मान हललीच नाही तर मेंदू नव्यानं तोल शिकणार कसा?" त्यांनी भिंतीवर काळा ठिपका चिकटवला. "नजर ठिपक्यावर ठेवा आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवा. गरगरेल, थोडं सोसा. जमलं की हेच चालताना करायचं."

मी आणि सुलभानं एकमेकांकडे पाहिलं. मूर्तीसमोरचं हे चालणं आम्हाला ठाऊक होतं.

"पूर्ण बरा होईन?"

"खात्री देत नाही. पण घाबरून बसून राहिलात तर नाहीच होणार."

परतीच्या गाडीत मी ती गार भाकरी खाल्ली, सगळी नाही, पण खाल्ली.

उन्हाळाभर भिंतीवरच्या ठिपक्यासमोर मान हलवत राहिलो. कधी उलटी व्हायची, कधी उगाच सुलभावर खेकसायचो. पावसाळ्यात एका दुपारी मी एका मूर्तीचे डोळे आखले आणि उठलो.

"मी चालू?" सुलभानं विचारलं.

"नको. नुसती उभी राहा."

फळीवरचा हात सोडला. अर्ध्यावर जमीन सरकली, भिंत सरकली, सुलभासुद्धा सरकली. देव तेवढा जागचा हलला नाही. त्या टोकाला पोचलो, तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.