तिकडची स्वस्ताई

विद्याधर देवांना एक खोड होती, आणि तीच त्यांना भोवली. छप्पन्न साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरच्या कचेरीतले हे कारकून बदलीवर मुलुंडच्या दोन खोल्यांत येऊन पडले. तेव्हापासून घरात जे येईल त्याचा नागपूरचा दर सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवेना. ताटात वांगी पडली की, "एवढ्यात तिकडे टोपलीभर आली असती." चहा आला की, "तिकडे निम्म्या पैशात याहून घट्ट दूध."

"मग जा ना तिकडेच!" बायको कुंदा करवादायची.

हा काही चिक्कूपणा नव्हता. गाव सुटल्याचं दुःख होतं, आणि ते बिचाऱ्याला दुसऱ्या शब्दांत बोलता येत नव्हतं. पण ऐकणाऱ्याला हे कसं कळावं?

आई, रुक्मिणीबाई, नागपुरात धाकट्या नंदकिशोरकडे असायच्या. जीव मात्र थोरल्यात. दिवाळी झाली आणि त्या ट्रंक घेऊन कायमच्या म्हणून मुलुंडला आल्या. पहिल्याच पानावर वांग्यांचा दर ऐकला आणि "बाप्पा!" म्हणाल्या. आठवड्याभरात त्यांनी दूध सोडलं. "आता सोसत नाही रे." मग रात्रीचं जेवण सोडलं. म्हातारपणी भूक मंदावतेच, असं विद्याधर धरून चालले. संक्रांतीआधी आईनं ट्रंक भरली.

"तिकडेच बरी मी. स्वस्ताई आहे."

त्यांनी अडवलं नाही. उलट, आपलं म्हणणं एकदाचं कुणाला तरी पटलं म्हणून ते सुखावले. मूर्ख माणूस!

पुढच्याच वर्षी आई नागपुरातच वारली. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवले, पण कावळे झाडावरून हलेनात. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यावा, तेव्हा कावळा शिवतो. विद्याधरांनी हात जोडले. नंदूच्या मुलाची मुंज करीन म्हणाले, काशीला जाईन म्हणाले. ऊन चढत गेलं, भटजी चुळबुळू लागले, कावळे बसले ते बसलेच.

शेवटी नंदकिशोर पुढे झाला. थोरल्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"आई, सगळं इथेच झालं, नागपुरात, स्वस्तात. दादाला भुर्दंड नाही पडला."

कावळा तडक खाली उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विद्याधर तेवढे तिथेच वाळूत बसले आणि चारचौघांत हमसून हमसून रडले.