नळीतली भर

आमचा मामा शिंपी. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी हूं-हूं करत बोलायचं, ही त्याची जन्माची सवय. अंगानं काडी, पण आजीसारखीच ऐन तरुणपणात त्याला साखर लागली. त्याचं गोळीवर भागायचं. मामेबहिणीला मात्र शाळेत असतानाच साखर निघाली आणि थेट इंजेक्शनं सुरू झाली, तीही दिवसातून चारदा. तिच्या प्रत्येक ड्रेसला मामा आतून एक खिसा शिवायचा, इंजेक्शनच्या पेनासाठी. तेवढं शिवताना त्याचे डोळे भरायचे.

मग एक संशोधक डॉक्टरीणबाई भेटल्या. सडपातळ घराण्यात तीन पिढ्या कोवळ्या वयात साखर म्हणजे हा नेहमीचा डायबेटिस नसावा, म्हणाल्या. एखाद्या जनुकातल्या बिघाडानं होणारा दुर्मिळ प्रकार असेल, आणि तसं ठरलं तर पोरीचंही गोळीवर भागेल. मी तर हवेतच गेले! पोरीच्या तपासणीत एक बदल सापडलाही, पण तो आजवर कुणातच दिसलेला नव्हता, त्यामुळे साखरेचं मूळ तोच का, हे सांगता येईना. तोच मामातही निघाला, तर संशय पक्का होणार होता.

म्हणून मामाला एक नळी दिली. रेघेपर्यंत थुंकी भरून पाठवायची, एवढंच काम. आम्ही देव पाण्यात घालून बसलो. शेवटी बाईंचा फोन आला. नमुना वाया गेला होता, कारण नळीत दोन माणसं होती आणि त्यातली एक बाई.

मी मामाकडे बघितलं, मामानं मामीकडे. टाचण्या धरून सुकलेल्या तोंडातून रेघेपर्यंत थुंकी निघेना, तेव्हा उरलेली भर मामीनं घातली होती.

"संसारात कमी पडेल तिथं मीच भर घालत आले," मामी म्हणाली. "इथं चालत नाही, हे मला काय ठाऊक?"

मी कपाळावर हात मारला. भयंकर चिडले, मग हसू आवरेना. दुसरी नळी आली तेव्हा टाचण्यांची डबी कपाटात कोंडली आणि मामासमोर ठाण मांडून बसले.

आणि निघाला, तोच बदल निघाला! बाईंच्या देखरेखीखाली गोळी सुरू झाली, इंजेक्शनं कमी होत होत बंद झाली, तरी साखर जागची हलली नाही. मी दुकानातच नाचले, गिऱ्हाईक बघत असताना.

परवा मामानं पोरीच्या नव्या ड्रेसला सवयीनं तो खिसा लावला. लक्षात आल्यावर उसवायला घेतला.

"असू दे, बाबा," पोरगी म्हणाली. "गोळीनं साखर उतरली तर जवळ गोड हवं, बाईंनीच सांगितलंय. चॉकलेट ठेवीन."

मामानं तरीही खिसा उसवला. दोन बोटं मोठा करून पुन्हा शिवला.