पाय जाण्याआधीची संध्याकाळ

बाबांचा उजवा पाय साखरेच्या आजारामुळे घोट्यापर्यंत काळा पडला होता. मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते रात्रंदिवस पाय खाली सोडून, पलंगाची कड धरून बसायचे. चादरीचा स्पर्शही सोसवत नव्हता. आयुष्यभर बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस, पण आता मोरीपर्यंत जाताना रडायचा.

पाय गुडघ्याखाली कापायचा ठरला आणि बाबांना हॉस्पिटलमध्ये भरती केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधीच दुखणं थांबवूया. नाहीतर पाय जातो आणि पुढे त्या नसलेल्या पायातच कळा येत राहतात. आधी थांबवलं तर तो त्रास कमी होण्याची शक्यता असते." त्यांनी बाबांच्या पाठीत सुई घालून बारीक नळी बसवली. तिच्यातून औषध जात राहणार होतं.

तासाभरात बाबा आडवे झाले आणि घोरायला लागले. आई पदराने डोळे पुसत बघत राहिली.

संध्याकाळी उठले ते हसतच. चहा मागितला. मग मला जवळ बोलावलं.

"अगं, दुखत नाहीये. अजिबात नाही."

"औषध चालू आहे ना, बाबा."

"ते असू दे. पण बरा होतोय बघ. आता कापायचा कशाला? डॉक्टरांना सांग, आम्ही घरी जातो."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिलाही क्षणभर तसंच वाटलं असावं. मी पायावरची चादर बाजूला केली. पाय तसाच काळा होता, वास येत होता.

"बाबा, फक्त दुखणं थांबलंय. पाय गेलेलाच आहे."

त्यांनी पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाक तो."

सकाळी त्यांनी ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही केली.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. कळा आल्या नाहीत. कधीमधी नसलेल्या अंगठ्याला खाज सुटायची, तेवढंच. जखम भरल्यावर तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, दुखतं का?"

"नाही."

"छान!"

परतताना रिक्षात बाबा तोंड फिरवून हुंदके देऊ लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मी घाबरून विचारलं, "दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. "नाही गं. काहीच नाही तिथं."

मी त्यांचा हात धरला. घर येईपर्यंत तो सोडला नाही.