आठवण येते आणि आठवण येतेय

जळगावात सगळे इंग्रजीला घाबरतात. इंग्रजी मात्र आमच्या समोरच्या नानांना घाबरते. नानांचा पूर्वी टायपिंगचा क्लास होता. संगणक आले, क्लास बंद पडला, पण नानांची तपासणी बंद पडली नाही. दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर आउट ऑफ स्टेशन आहेत," तर नानांनी विचारलं, "भुसावळच्या का जळगावच्या? आणि मुळात ते स्टेशनात करत काय होते?" आमच्या कॉलनीत पाण्यावर चर्चा करायला सभा होती. नोटिशीत 'डिस्कस अबाउट वॉटर' असं लिहिलेलं. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' येत नाही, ते काढल्याशिवाय नानांनी चर्चा सुरू होऊ दिली नाही. 'अबाउट' निघालं, तोवर नळ येऊन गेले होते.

मी मराठी शाळांसाठी पत्रकं काढतो. घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकंच हाती आली, त्यामुळे माझा स्वभावही थोडा उद्गारचिन्हासारखा झालाय. इंग्रजी ही आमच्या पोरांना दाबायची काठी आहे, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी नानांना तोंडावर सांगतो. नाना शांतपणे म्हणतात, "काठी आहे ना? मग नीट धरायला शीक. चुकीची धरली की आपल्याच डोक्यात बसते." त्यानंतर माझं पत्रक मागून घेतात, त्यातला एकुलता एक इंग्रजी शब्द शोधतात आणि त्याखाली लाल रेघ मारतात. अशा माणसावर रागावणंही सोयीचं नाही, कारण रेघ मारून झाली की ते स्वतःच्या हाताने चहा करून पाजतात.

तर या नानांना पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीचा एके दिवशी मेसेज आला, 'बाबा, आय ॲम मिसिंग यू.' नानांनी ताबडतोब उत्तर पाठवलं, 'आय मिस यू असे हवे. अशा क्रियापदाला इंग लागत नाही. बाकी ठीक.'

पोरगी गप्प झाली. मेसेज बंद. फोन यायचा तो नानांच्या बायकोच्या, अक्कांच्या मोबाइलवर, आणि तोही नेमका नाना आंघोळीला गेले की. लेकीशी बोलायचं सोडून नानांनी तिला मार्क दिले, म्हणून अक्कांनी मला दारातच धरून अहिराणीत सुनावलं. "पोरना मेसेज ऊना, ते बोलानं सोडीसन मार्क दिधात! आते बसा म्हना!"

मी नानांना म्हटलं, "एक सॉरी म्हणा आणि मिटवा."

"नियम बरोबर असताना? तू बरोबर मुद्द्याचं पत्रक मागे घेशील?"

"मरेपर्यंत नाही."

"मग मला कशाला शिकवतो?"

पण बादलीत पाणी पडायला लागलं, की बाहेर अक्कांचा मोबाइल वाजेल हे नानांना पक्कं ठाऊक झालं होतं. हल्ली ते नळ सोडून बाथरूमच्या दाराशी कान लावून उभे राहत, असं अक्कांनीच सांगितलं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. तिचं वाक्य बरोबर ठरतं का ते बघायचं; ठरलं तर माफी मागायची. पुस्तकं उलटीपालटी करून समाधान होईना, म्हणून मला मोटरसायकल काढायला लावून ते अमळनेरला निघाले. तिथे इंग्रजीच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. रस्ताभर नाना मागून नियम बजावत होते आणि मी वाऱ्यात 'हो' म्हणत होतो.

मॅडम शेंगा सोलत बसल्या होत्या. प्रश्न ऐकून म्हणाल्या, "नियम तुमचा बरोबर. पण लोक तो मुद्दाम मोडतात."

"मुद्दाम? का?"

"आपण नाही का, 'आठवण येते' म्हणतो आणि 'आठवण येतेय' म्हणतो? येते म्हणजे एरवी, नेहमीची. येतेय म्हणजे आत्ता, या घटकेला. पोरीने काही चूक केली नाही, भाऊ. त्या दिवशी तिला काहीतरी झालं असेल. तुम्ही विचारलं नाही?"

नानांनी हातातली शेंग परत सुपात ठेवली.

बाहेर आल्यावर मी गाडी जळगावच्या दिशेने वळवली. नाना बसेनात. "मला स्टँडवर सोड. धुळ्याची बस धरतो, तिथून पुणे."

"नाना, आत्ता? कपडे?"

"पुण्यात कापड मिळत नाही का?"

"आणि अक्का?"

"तिला तू सांग. ती तुला चहाच पाजेल."

स्टँडवर उभ्याउभ्या त्यांनी मोबाइल काढला. मला वाटलं, आता लांबलचक इंग्रजी माफी येणार. त्यांनी एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं, 'बेटा, मी ई राहिनू.' मी येतोय, एवढंच, घरात बोलतात तसं. लिहून मला दाखवलंही नाही. मी खांद्यावरून वाचलं. त्यांनी पाठवलं, आणि तिच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसू लागलं. थांबलं. परत दिसू लागलं.

तेवढ्यात धुळ्याची बस लागली. नाना गर्दीतून आत घुसले, खिडकीशी जागा पकडली. बस हलताना मी धावत ओरडलो, "काय आलं, नाना? काय लिहिलं तिने?"

त्यांनी ऐकलं नसावं. मोबाइल छातीशी धरला होता आणि चष्मा काढून हातात घेतला होता. चष्म्याशिवाय नानांना एक अक्षर दिसत नाही.