नाक्यावर चुकामूक झालेले भाऊ

पाळण्याची दोरी हातात घेऊन आजींनी गाणं सुरू केलं तेव्हा मी घुगऱ्या खात होते. पहिलीच ओळ कानावर आली आणि घास तोंडातच राहिला.

"बारो तम्मा, उप्पू तारो."

बारसं माझ्या बँकेतल्या मैत्रिणीच्या भाचीचं होतं. आम्ही दोघी बीडला एकाच शाखेत, शेजारशेजारच्या काउंटरवर बसतो. तिचं माहेर पाटोद्याच्या पुढे, घाटाच्या अंगाला एका लहान गावात आहे. 'चल गं, रविवारच आहे' म्हणाली म्हणून मी गेले होते. तिच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते आणि तिथे माझ्या ओळखीचं असं काही असण्याचं कारणच नव्हतं.

पण ही ओळ आमची होती. घाटनांदूरला आमच्या घरी कुणाचंही बारसं असो, आधी ही ओळ म्हणायची आणि मगच बाकीची गाणी. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, बारोतम्मा ही कुठली तरी देवी असणार. गावात दुसऱ्या कुणाच्या घरी ती म्हणत नसत. आमच्या सोयऱ्यांतही नाही. लग्न होऊन आलेल्या माझ्या वहिनीने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती हसली होती.

गाणं संपेपर्यंत मी कशीबशी थांबले. मग आजींच्या शेजारी जाऊन बसले आणि हे कुठून शिकलात म्हणून विचारलं. त्या माझ्या मैत्रिणीच्या आजी. नव्वदीच्या आसपासच्या, कपाळावर भस्माची बोटं, आवाज अजून खणखणीत. त्यांनी सांगितलं की सासूने शिकवलं आणि सासूला तिच्या सासूने. अर्थ विचारायची सोय नव्हती. ह्या घरात पहिल्यापासून म्हणतात, एवढंच त्यांना माहीत होतं.

मी अंगणात येऊन आप्पांना फोन लावला.

आप्पा म्हणजे माझे वडील. घाटनांदूरला आमचं किराणा दुकान आहे. ते आता भाऊ बघतो, आणि आप्पा सकाळी पूजा झाली की दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात. त्यांना आयुष्यभर एकच नाद होता, आपला मूळपुरुष आला कुठून आणि त्याचं मागे कोण राहिलं. दुकानात कर्नाटकातला कुणी ट्रकवाला आला की आप्पा त्याला चहा पाजून ती ओळ ऐकवत. त्यातल्याच कलबुर्गीच्या एका ड्रायव्हरने त्यांना अर्थ सांगितला होता: ये रे धाकट्या, मीठ आण. त्या दिवशी आप्पा घरभर सांगत फिरले होते. कारण आमच्या घरी सांगत आलेली गोष्ट मिठाचीच होती.

गोष्ट अशी. दोघं भाऊ कानडी मुलखातून बैलांवर माल लादून इकडे आले. इकडे तेव्हा निजामाचं राज्य, मोगलाई. आणि पाटोद्याच्या पलीकडे, नगरकडच्या अंगाला, इंग्रजांचा मुलूख. मीठ पलीकडून आणायचं आणि मोगलाईतल्या बाजारात विकायचं, हा त्यांचा धंदा. सरहद्दीवर जकातीचा नाका होता, त्याला तेव्हा करोडगिरी म्हणत. एका खेपेला थोरला भाऊ मोठ्या रस्त्याने नाक्यावर गेला आणि धाकटा बायकोला घेऊन, दोन बैलांवर मीठ लादून, घाटातल्या चोरवाटेने निघाला. खाली बारवेपाशी भेटायचं ठरलं होतं. थोरला आलाच नाही. नाक्यावर धरलेल्यांना पार हैदराबादला नेतात, असं कुणीतरी धाकट्याच्या कानावर घातलं. तो वाट बघून बघून घाबरला आणि पूर्वेकडे निघाला. निघाला तो घाटनांदूरलाच थांबला. तोच आमचा मूळपुरुष. तो म्हातारा होऊन गेला. आमच्या शेतात लिंबाखाली त्याची समाधी आहे.

एवढंच. कुठलं गाव, कुठला घाट, थोरल्याचं पुढे काय झालं, काही नाही. आप्पा दरवर्षी समाधीवर नैवेद्य ठेवताना म्हणायचे, हा बाबा सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं!

फोनवर मी ती ओळ म्हटली.

"परत म्हण," आप्पा म्हणाले.

मी परत म्हटली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, ते लोक आपल्यातलेच आहेत का, म्हणजे गळ्यात लिंग घालणारे. मी हो म्हटलं. आप्पा म्हणाले, उद्या येतो. मी म्हटलं, अहो उद्या सोमवार आहे, मला बँक आहे. तर म्हणाले, मग रजा टाक.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीने निघाले. बीडपर्यंत न येता मांजरसुंब्याला उतरा, मी गाडी घेऊन येते, असं आमचं ठरलं होतं. मी बीडहून निघाले, पाली मागे पडली, बिंदुसरेच्या धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं आणि मी एकटीच गाडीत मोठ्याने 'बारो तम्मा' म्हणत होते. मांजरसुंब्याच्या फाट्यावर आप्पा इस्त्रीचं धोतर नेसून, टोपी घालून, लग्नाला निघाल्यासारखे उभे होते. हातात पेढ्यांचा पुडा होता. पाटोद्यापर्यंत ते एकसारखे बोलत होते. काय विचारायचं, कोणत्या क्रमाने विचारायचं, आधी आपली गोष्ट सांगायची नाही, आधी त्यांची ऐकायची.

"आपन आधी सांगितली की मंग ते बी तशीच सांगतेत," ते म्हणाले. "मानसाचा सभाव हाय."

आजींच्या घरी सगळे जमले होते. मैत्रिणीने कालच फोन करून ठेवला होता. तिचे वडील, काका, चुलत भाऊ, सगळ्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता. चहा झाला. आप्पांनी हात जोडून आजींना विचारलं की तुमचं घराणं ह्या गावात कसं आलं.

आजी पाय पसरून बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष बैलांचा तांडा घेऊन आला. बरोबर धाकटा भाऊ होता. मिठाचा धंदा होता. मूळपुरुषाला नाक्यावर अडकवून ठेवलं...

इथे मी आप्पांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते.

नाक्यावरून सुटला तेव्हा तो धावत बारवेपाशी गेला. तिथे कुणी नव्हतं. त्या साली पटकीची साथ होती. वाटसरूंनी सांगितलं की घाटात एक माणूस मरून पडला आहे. तो गेला. माणसाचं तोंड ओळखू येण्यासारखं उरलं नव्हतं. पण गळ्यात लिंग होतं. भावजयीचा आणि बैलांचा पत्ता नव्हता, त्यांचंही बरंवाईट झालं असंच त्याने धरलं.

"आपल्या धाकट्या भावाला तिथंच बसवला," आजी म्हणाल्या. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. "आन् मंग भावाला सोडून कुटं जायाचं? म्हनून ह्या गावात ऱ्हायला. आमी अजून दिवा लावताव तिथं. चला, दावते."

आम्ही सगळे निघालो. घराच्या मागून शेतातून वाट होती. आजी काठी टेकत पुढे, आम्ही मागे. ओट्यावर एक जुनी दगडी समाधी, वर कोरलेला नंदी, झिजून गुळगुळीत झालेला. पुढ्यात विझलेली पणती आणि एका पानावर मूठभर खडेमीठ. हे मीठ कशाला, असं आप्पांनी हळूच विचारलं. आजी म्हणाल्या, मिठाच्या पायीच गेला ना तो, म्हणून त्याला मीठ देतात, पहिल्यापासूनच.

आप्पा मटकन खाली बसले. मी घाबरले. त्यांना दोनदा चक्कर येऊन गेलेली आहे. पण चक्कर नव्हती. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजी," ते म्हणाले, "तुमचा धाकटा मेला न्हाई. तो आमच्या गावाला गेलता. लई म्हातारा होऊन गेला. मी त्याच्याच वंशातला हाय."

मग त्यांनी आमची गोष्ट सांगितली. चोरवाट, दोन बैल, बारव, हैदराबादची भीती. सांगता सांगता मैत्रिणीचे काका मध्येच पुढचं वाक्य बोलायचे आणि ते बरोबर निघायचं. बारवेच्या तोंडाशी वडाचं झाड होतं, हे दोन्ही घरांना माहीत होतं. धाकट्याची बायको पोटुशी होती, हेही. मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. कुणीतरी पोरांना घराकडे पिटाळलं, सगळ्यांना बोलावून आणा म्हणून. थोड्या वेळात शेतात जत्रा भरल्यासारखी माणसं झाली. जो तो आप्पांना हात लावून बघत होता. आप्पा पेढे वाटत होते.

आजी मात्र समाधीकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "मंग ह्यो कोण हाय?"

त्याचा विचार कुणीच केला नव्हता.

"मी लगीन होऊन आले तवापासून ह्याला दिवा लावते," आजी म्हणाल्या. "माज्या सासूनं लावला. कुनाला लावला आमी?"

काका म्हणाले, आता कळलंच आहे तर दिवा बंद करू, खरी समाधी घाटनांदूरला आहे, तिकडेच जाऊ दरवर्षी. त्यांच्या एका तरुण पुतण्याला ते पटलं. ही जागा मोकळी झाली तर विहिरीची पाइपलाइन सरळ नेता येईल, असंही तो बोलून गेला. हे आप्पांमुळेच झालं होतं आणि क्षणात ते कावरेबावरे झाले होते.

आजी काठीच्या आधाराने ओट्यावर टेकल्या. त्यांनी पानावरचं मीठ उचललं आणि पदरात बांधलं. मला वाटलं, संपलं. मग त्या सुनेला म्हणाल्या की उद्यापासून इथे मीठ ठेवायचं नाही, ह्याचा मिठाशी काही संबंध नाही. भाकरी ठेवायची. आणि पुतण्याकडे वळून म्हणाल्या, "पाइप वळवून ने. घाटात एकला मेलेला मानूस हाय. त्याच्याबी घरी कुनी वाट बघत बसलं आसंल."

आप्पांनी पुड्यातला शेवटचा पेढा समाधीपुढे ठेवला.

पुढच्या महिन्यात ते सगळे घाटनांदूरला आले. एक टेम्पो, दोन जीप आणि मोटरसायकली. भावाने दुकान बंद ठेवलं. आईने आणि वहिनीने आदल्या दिवसापासून स्वयंपाकाची तयारी केली होती. आप्पा सकाळपासून रस्त्यापर्यंत जाऊन परत येत होते. टेम्पो दिसला तेव्हा ते पळाले. मी माझ्या वडिलांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

आजी थेट शेतात गेल्या. आधी पाणी प्या म्हटलं, तर ऐकेनात. लिंबाखालच्या समाधीपाशी त्या उभ्या राहिल्या आणि नमस्कार करायच्या आधी त्यांनी धाकट्याला चांगलं खडसावलं.

"एक निरोप तरी धाडायचा. माज्या सासरच्यांनी जलमभर रडं केलं तुज्यापायी."

मग वाकून डोकं टेकवलं. मागे बायकांच्या घोळक्यात आधी कुणीतरी हसलं, मग रडू लागलं, मग दोन्ही एकदम.

जेवणं झाल्यावर आप्पांनी सगळ्यांना अंगणात बसवून पिढ्या लावल्या. हे काम त्यांनी मनातल्या मनात महिनाभर केलं होतं. आमच्याकडे लग्नं लवकर झाली, पोरं लवकर झाली. त्यांच्याकडे थोरल्याला उतारवयात मुलगा झाला आणि पुढेही पिढ्या सावकाश चालल्या. त्यामुळे हिशेब भलताच निघाला. आजी आप्पांना नात्याने आजीच लागत होत्या. शहात्तराव्या वर्षी आप्पांना आजी मिळाली, आणि त्यांनी उठून सगळ्यांसमोर तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आजींनी त्यांच्या टोपीवरून हात फिरवला आणि जेवलास का रे नीट, असं विचारलं.

पुढे माझी पाळी आली. माझी मैत्रीण माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बँकेत मी तिला काम शिकवलं. गेल्याच वर्षी तिने माझ्या मुलासाठी तिच्या माहेरची एक मुलगी सुचवली होती आणि पत्रिका बघण्यापर्यंत आम्ही आलो होतो. आता पिढ्या लावल्यावर ती मुलगी माझ्या मुलाची मावशी निघाली आणि तो विषय मिटला. पण खरी अडचण वेगळीच होती. माझी मैत्रीण आप्पांच्या पिढीची निघाली. म्हणजे आप्पांची बहीण आणि माझी आत्या.

ती आधी लाजली. मग तिने पदर सावरला, पाय थोडे पुढे केले आणि वाट बघत बसली. मी वाकले. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझी आई हसून हसून डोळे पुसत होती.

सोमवारी बँकेत गर्दी होती. पेन्शनचा दिवस. तिच्याकडे एक चेक पास करायला द्यायचा होता. मी सवयीने तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि थांबले. रांगेतले म्हातारे आमच्याकडे बघत होते.

"आत्या," मी म्हटलं, "हे जरा बघता का?"

"ठेव तिथं," ती म्हणाली, मान वर न करता.