अनिताच्या खाचरातला खून

अनिता ज्या खाचरात भात लावायची, तिथं बायका न बोलावता लवकर यायच्या. तिच्या तोंडचे खून ऐकायला.

आंदर मावळातल्या त्या गावात लावणी अजून इर्जिकीनं होते. आज सगळ्यांनी मिळून हिच्या खाचरात, उद्या तिच्या. वाकलेल्या पाठींची ओळ चिखलातून मागं मागं सरकते, आणि ओळीच्या मधोमध अनिता रोपं खोचत एखादा रहस्यपट सांगत असते.

तिचं माहेर लोणावळ्याजवळच्या औंढ्याचं. वडील भिकाजी लोणावळ्यातल्या एका थिएटरवर डोअरकीपर होते. त्यांचा डबा घेऊन ती जायची आणि दाराशेजारच्या अंधारात उभी राहून सिनेमा बघायची. पण शेवटची एसटी सिनेमा संपायच्या आधी सुटे. खुनी कोण ते कळायच्या आत तिला निघावं लागे. घरी भावंडं शेवट मागत. तो तिला वाटेत मनानंच रचावा लागे.

असे शेवट रचता रचता या सिनेमांची हाडं तिच्या हाताला लागली. पहिला संशय ज्याच्यावर, तो निर्दोष. खुनी सुरुवातीलाच समोर आणायचा, पण अशा जागी, की त्याची कीव यावी. सुरा कुठं लपवलाय ते ऐकणारीला सांगायचं, नायिकेला नाही. मग गप्प बसायचं. त्या शांततेत बायकांचे हात भराभर चालतात. तसं गप्प बसणं मला लिहिताना अजून साधलेलं नाही.

यंदा बायका कमी होत्या. काहीजणी वराळ्याकडं कंपन्यांत लागल्या होत्या. अनिताचं खाचर सगळ्यांत शेवटी आलं, तोवर रोपं उंच होऊन पिवळी पडायला लागली होती. आणखी उशीर म्हणजे वर्षाचं भात गेलं. आणि ज्यांची लावणी उरकली होती, त्यांना आता थांबवणार कोण?

पहिल्या दिवशी निम्मं खाचर झालं. गोष्टीत पावसानं वेढलेला बंगला होता. टेलिफोनची तार तुटलेली. मालकाचा खून झालेला. अंथरुणाला खिळलेली त्याची म्हातारी आई, तिच्या खाटेखाली चिखलानं भरलेली चप्पल, तिला तपासायला आलेला डॉक्टर, आणि डोळे चोरणारा माळी.

"माळीच हाय त्यो," ओळीतली चिमाबाई म्हणाली. "मेल्याची नजरच वंगाळ."

"मावशी, नजर बघून धरलं असतं तर तुमचे मालक कवाच आत गेले असते!" अनिता म्हणाली.

ओळ खदखदून हसली. बंगल्यातलं बंद दार आतून वाजलं, तिथं अनितानं गोष्ट थांबवली. "बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी चिमाबाईची सून राजेश्वरी बांधावरच उभी राहिली. तोच पिच्चर तिनं रात्री मोबाइलवर बघितला होता.

"खुनी डॉक्टर हाय. संपलं. चला, शेजारच्या गावात रोजानं बायका पायजेत. टेंपो हुबा हाय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी वर खोचलेलं लुगडं खाली सोडलं. अनिता एकटीच चिखलात होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय, डॉक्टरच," ती म्हणाली. "पर त्याला बोलावलं कुणी?"

"फोन केला आसंल," राजेश्वरी म्हणाली.

अनिता गप्प. एक रोप. दुसरं रोप.

"तार तुटल्याली व्हती की गं!" चिमाबाई ओरडली. "कुणीतरी चालत गेलं... आगं, चप्पल! म्हातारीच्या खाटंखाली चप्पल व्हती चिखलाची!"

"ती तर उठत न्हाई," दुसरी म्हणाली.

"आसं समदी म्हनत्यात," अनिता म्हणाली. आणि पुढचं रोप खोचलं.

चिमाबाई आधी चिखलात उतरली. मग बाकीच्या.

"पिच्चरमधी आसं न्हाई," राजेश्वरी बांधावरून म्हणाली.

"मंग पिच्चरवाला चुकला," चिमाबाईनं तिला दटावलं. "उतर खाली!"

टेंपोचा हॉर्न दोनदा वाजला आणि लांब गेला. राजेश्वरी चप्पल काढून उतरली, ती नेमकी अनिताच्या शेजारी. दिवस कलला, तेव्हा मोकळं पाणी फक्त कोपऱ्यात उरलं होतं.

"वैनी," ती हळूच म्हणाली, "चप्पल कालच ठिवली व्हती, का म्हातारी आज सुचली?"

अनितानं रोपांची एक जुडी तिच्या हातात दिली.

"कोपरा भरू दे, मंग सांगते."